दहापैकी चार

आमच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, रोज संध्याकाळी भारताचा कबड्डीचा संघ निवडला जायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो रद्द व्हायचा. निवडणारा एकच. बाकी आम्ही सात-आठ जण फक्त भांडायला. सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमधून दिवसपाळी सुटली की लिंबायतच्या नाक्यावर चहाच्या लारीपाशी सायकली टेकवायच्या, अर्धा-अर्धा कप चहा मागवायचा आणि वाट बघायची. तो यायचा, खिशातून निळा खडू काढायचा आणि मागच्या भिंतीवर बारा नावं लिहायचा. खडू मिलचा. फोल्डिंग खात्यात कपड्यातल्या दोषांवर खूण करायला मिळतो तो. चोरीच म्हणा. पण त्या माणसाची आयुष्यातली एवढीच लबाडी असेल असं मी कितीतरी वर्षं मानत होतो.

पाठीमागे सगळे त्याला 'सिलेक्टर' म्हणायचे, तोंडावर जिभाऊ. आम्ही खानदेशातली माणसं. मोठ्या भावासारख्या माणसाला जिभाऊ म्हणतो आणि तरी 'अरे-तुरे'च करतो, त्यात अपमान नसतो. घरी आणि लारीवर बोलणं सगळं अहिराणीत, मधूनमधून गुजराती. इथे मी ते साफसूफ करून लिहितोय, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव जायचा.

चेहऱ्याकडे तो बघायचाच नाही. बघायचा पायांकडे. नवीन माणूस लारीवर आला की ह्याची नजर खाली. मला तो पहिल्यांदा भेटला तेव्हा म्हणाला, "तू उजवी टाच घासतोस. चढाईला गेलास तर पहिल्याच फेरीत मरशील." मी म्हटलं, "जिभाऊ, मी फोल्डिंग खात्यात लागलोय, चढाईला नाही." तर म्हणे, "हो ना, म्हणूनच वाचलास."

वाद घालायला नथ्थू पुढे असायचा. लूम चालवणारा माणूस, कानाने कमी ऐकायचा, त्यामुळे बोलायचा ओरडूनच.

"जिभाऊ, तो हरियाणाचा पोरगा का पुसला? काल एकट्याने सात गुण आणले त्याने!"

"आणले ना. सातवा आणताना तोंड उघडं पडलं होतं. दम संपला होता. इराणवाला त्या उघड्या तोंडात हात घालील."

"अरे पण सात गुण!"

"तुझ्या लूमवर कपडा सात मीटर चांगला निघाला आणि आठव्या मीटरला भोक पडलं, तर सेठ काय म्हणतो?"

नथ्थूने चहाचा कप तोंडाला लावला. कपड्याचं उदाहरण दिलं की आमच्यापैकी कोणीच बोलू शकत नसे, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. लेकाचा नेमका तिथेच आणून आपटायचा.

त्याच्या लेखी जगात तीनच प्रकार. फ्रेश, सेकंड आणि चिंधी. खात्यात कपडा तपासला की असंच वेगळं करतात. बिनदोषाचा तो फ्रेश, दोन-चार दोषांचा सेकंड, बाकी चिंधी, किलोवर जाते. हा माणूस खेळाडूंना लावायचा ते लावायचाच, पण नवरदेव, डॉक्टर, नगरसेवक, कोणालाही सोडायचा नाही. माझ्या सुपारीला, लग्न ठरवायला, आला होता. सासऱ्यांनी सहज विचारलं, "तुमच्याच खात्यात आहे ना मुलगा? कसा आहे?" मी समोर बसलेलो. हा म्हणाला, "सेकंड आहे. पण रंग जाणार नाही." सासरे एवढंसं तोंड करून माझ्याकडे बघायला लागले. बायको अजून, भांडण झालं की, "सेकंड माल गळ्यात मारला" म्हणते. मी त्याच्याशी पंधरा दिवस बोललो नाही. त्याला ते कळलंसुद्धा नसावं.

खात्यात मात्र त्याचा शब्द शेवटचा. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वरून कपडा सरकत असतो, आणि खोट दिसली की खडूची फुली. फुली पडली की छपाईवाल्याचा दिवस वाया. त्यामुळे चेकरला चहा पाजणारे, पान-सुपारी देणारे, पाया पडणारे पुष्कळ. ह्याच्याजवळ कोणाची डाळ शिजली नाही. आणि आमच्या खात्यात एक जुना रिवाज होता. आपल्या माणसाच्या हातचा माल आपण तपासायचा नाही. जिभाऊचा सख्खा मेहुणा छपाईत होता. त्याच्या टेबलाचा ताका, म्हणजे कपड्याचा तागा, आला की हा खडू शेजारच्याच्या हातात द्यायचा, बाहेर जायचा, नळावर सावकाश हातपाय धुवायचा आणि ताका उतरल्यावरच आत यायचा. कोणी सांगावं लागायचं नाही. कित्येकदा तो खडू माझ्याच हातात दिलाय त्याने. "नीट बघ," एवढंच म्हणायचा. फुली मारली तर राग नाही, नाही मारली तर आभार नाहीत.

पोरं ओळखण्यात त्याचा हात कोणी धरला नसता, हेही कबूल करतो. सुट्टीच्या दिवशी नवापूर, नंदुरबार, शिरपूर, जिथे म्हणून मातीत सामने असतील तिथे एसटीने जायचा. परत येऊन भिंतीच्या कडेला एखादं नाव लिहायचा, बारीक अक्षरात, बारांच्या बाहेर. "हा दिसेल तुम्हाला टीव्हीवर." आम्ही हसायचो. त्यातले दोघं खरोखर दिसले. एक तर पार देशाच्या शिबिरापर्यंत गेला. त्या रात्रीच्या बातम्यांनंतर नथ्थूने जिभाऊला लारीवर भजी खाऊ घातली आणि वर ओरडून सांगितलं, "ह्या माणसाला दिल्लीला न्या रे!"

आता पूनमबद्दल सांगतो. तिच्याबद्दल सांगायचं म्हणूनच तर बसलोय, उगाच इकडचं तिकडचं सांगत वेळ काढतोय.

पूनम त्याची एकुलती एक मुलगी. आई ती लहान असतानाच गेली. बापाने तिला वाढवलं ते मैदानावर. म्युनिसिपल शाळेच्या मागे मोकळी जागा होती, तिथे तो तिला पहाटे न्यायचा, मिलच्या पाळीला जायच्या आधी. डावा कोपरा. कबड्डीत डाव्या कोपऱ्याला उभी राहणारी पोरगी म्हणजे सापळा. चढाई करणारीचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, बस. पूनम घोटा असा धरायची की समोरची पडल्यावर तिला कळायचं, आपण पडलो. मी स्वतः पाहिलंय. शाळेकडून खेळली, कॉलेजकडून खेळली, वर्तमानपत्रात एकदा फोटो आला. लारीवर वाद कुठलाही असो, एका गोष्टीवर एकमत होतं. सुरतेत तिच्यासारखा डावा कोपरा नाही. आम्ही तिला 'पोलीस इन्स्पेक्टर' म्हणायचो, कारण राज्याच्या संघात गेली की खेळाडूंच्या जागेतून पोलिसात नोकरी, हे आम्हीच ठरवून टाकलेलं. तीही हसून म्हणायची, "काका, पहिली चौकशी तुमचीच करीन."

त्या वर्षी ज्युनिअर गटातली तिची शेवटची संधी होती. वय निघून चाललेलं. त्यापुढे सीनियरमध्ये नोकरीवाल्या, मोठ्या संघांतून आलेल्या पोरी. तिथे लिंबायतच्या पोरीला कोण विचारतो? शहराची चाचणी, त्यातून बारा पोरी पुढे राज्याच्या शिबिराला. तीन निवडकर्ते बसायचे होते. त्यातला एक आजारी पडला आणि आयोजकांना आठवला कोण, तर आमचा जिभाऊ. इतकी वर्षं प्रत्येक सामन्याला बांधावर उभा राहणारा माणूस. त्याला निरोप आला तेव्हा तो लारीवरच होता. खडू हातात तसाच. भिंतीवर सहा नावं झाली होती, सातवं त्याने लिहिलंच नाही.

आणि मी काय बोललो? माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी बायको उगाच म्हणत नाही. मी म्हणालो, "मग काय, घरचंच सिलेक्शन! पूनमचं नाव आधीच लिहून ने, शाई वाचेल."

सगळे हसले. नथ्थूला ऐकू आलं नाही म्हणून मी परत मोठ्याने बोललो. जिभाऊ हसला नाही. त्याने चहा संपवला, सायकल काढली आणि गेला.

चाचणीला मी सुट्टी टाकून गेलो होतो. सकाळची वेळ, मॅट टाकलेली, साठ-सत्तर पोरी. तीन खुर्च्या, मधली जिभाऊची. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. मला वाटलं, पूनमचा गट आला की तो उठेल. पाणी प्यायला जाईल. शेजारच्याच्या हातात पेन देईल. वीस वर्षं खात्यात त्याला तेच करताना पाहिलं होतं मी. तो उठला नाही.

पूनमने तीन पकडी केल्या. तिसरीला तर बाजूच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, ज्या तिच्या विरुद्ध खेळत होत्या त्यांनीसुद्धा. एकदा घोटा हातातून निसटला, चढाईवाली मधल्या रेघेला पोचली. एकदाच. खेळ संपल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, बापाकडे न बघता. तो कागदावर वाकून लिहीत होता.

दुपारी भिंतीवर यादी लागली, मार्कांसकट. तीन रकाने, दहापैकी. पूनमला पहिल्याने नऊ दिले होते, तिसऱ्याने आठ. मधल्या रकान्यात चार. एकूण एकवीस. बाराव्या मुलीला बावीस होते.

मी ती यादी तीनदा वाचली. मला वाटलं लिहिताना चुकलं असेल. पूनम माझ्या शेजारीच उभी होती. तिने एकदाच वाचली आणि बूट काढायला खाली बसली.

घरी आम्ही एकाच रिक्षात आलो. तिघं मागे, मी मध्ये. उधन्याच्या फाटकापाशी रिक्षा थांबली तेव्हा तिने विचारलं, "बाबा, कुठे कमी पडले?" रडत नव्हती. खरंच विचारत होती, शाळेत गणित चुकल्यावर पोरं विचारतात तसं.

जिभाऊ बाहेर बघत म्हणाला, "ते दोघं पकड बघतात. मी पाय बघतो. तुझा पाय जड पडतो. इथे चालून जातं, वरच्या खेळात नाही चालणार."

तिने मान डोलावली. पायातलं बापापेक्षा कोणाला जास्त कळतं? कोणालाच नाही. हे आम्हीच तर गावभर सांगत होतो. मी मध्ये बसलेलो, माझ्या दोन्ही बाजूंना ही दोघं, आणि मी तोंड उघडलं नाही. एरवी नको तिथे उघडतं. म्हणायला हवं होतं, "जिभाऊ, खोटं बोलतोस." नाही म्हणालो.

पुढचं सांगायची लाज वाटते. पण सांगतो. गणपतीत मंडळाने जिभाऊचा सत्कार केला. कल्पना नथ्थूची, वर्गणी सगळ्यांची, शाल मी आणली. मार्केटमधून, फ्रेश बघून. माइकवरून अध्यक्ष म्हणाले, "पोटच्या पोरीलासुद्धा ज्याने सोडलं नाही, असा न्यायी माणूस आपल्या लिंबायतमध्ये राहतो!" टाळ्या तर अशा की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत आली. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, पूनमलाही वर बोलवा. ती वर गेली. तिच्या हातात नारळ दिला आणि तिच्या हातून तो बापाला देववला. फोटो काढले. ती फोटोत हसलीय. मी तो फोटो घरी ठेवला नाही.

तिने खेळणं सोडलं. कोणी सोडायला सांगितलं नाही, तिने आपली बॅग पोटमाळ्यावर टाकली आणि साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणलं. वर्षभराने लग्न झालं, अंमळनेरकडे. तीन वर्षांनी परत आली. नवरा वाईट नव्हता म्हणे, पण सासूने मैदानावर वाढलेली पोर म्हणून एक दिवस चैन पडू दिलं नाही. ती भांडली नाही, उलट बोलली नाही. नुसती निघून आली. त्या परतल्या दिवसापासून आजवर ती घरात बसून खडे चिकटवते.

जिभाऊ मात्र मोठा झाला. पुढे चार-पाच वर्षं चाचण्यांना त्यालाच बोलवायचे. कोणी वशिला लावायला गेलं की आयोजक सांगायचे, "अरे, तो माणूस पोरीला नाही सोडत, तुम्हाला सोडेल?" लारीवर नवीन आलेल्यांना आम्ही ही गोष्ट सांगायचो. मीही सांगायचो. एकच बदल झाला होता त्याच्यात. बायांचे सामने बघणं त्याने सोडलं. टीव्हीवर लागले तरी चहाचे पैसे देऊन निघून जायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं.

मागल्या हिवाळ्यात त्याच्या छातीने दगा दिला. तीस वर्षं कपड्याची धूळ आणि रंगाची वाफ, दुसरं काय होणार. मिलने घरी बसवलं. मी अधूनमधून जायचो. एकच खोली, पुढे पत्र्याचा ओटा. पूनम खिडकीशी साडी पसरून बसलेली असायची, पाठ आमच्याकडे.

एका संध्याकाळी टीव्हीवर भारताच्या मुलींचा संघ जाहीर झाल्याचं सांगत होते. नावं खालून सरकत होती. जिभाऊने रिमोट शोधायला हात फिरवला, पण उशीखाली सापडेना. मला काय झालं कोण जाणे. इतकी वर्षं पोटात होतं ते बाहेर आलं.

"जिभाऊ, माझ्यामुळे झालं ते. मी लारीवर बोललो, घरचंच सिलेक्शन म्हणून. मी तोंड सांभाळलं असतं तर तू तिला काढलं नसतंस. माफ कर मला."

तो माझ्याकडे बघत राहिला. पायांकडे नाही, चेहऱ्याकडे.

"तू?" तो म्हणाला. "तू बोललास ते मी सायकलवर बसेपर्यंत विसरलो होतो."

"मग का? खात्यात खडू दुसऱ्याच्या हातात देत होतास. तिथे का नाही उठलास?"

खोकला आला त्याला. बराच वेळ पुरला. मला वाटलं आता विषय बदलेल.

"उठलो असतो तर ती आली असती," तो म्हणाला. "ती यायचीच होती. ते दोघंच पुरे होते. मग माझं काय राहिलं असतं? मी खुर्चीत बसलो तेव्हाच माझ्या कानात ऐकू येत होतं, लोक काय म्हणतील ते. पोटच्या पोरीला सोडलं नाही. अगदी स्पष्ट. मला ते ऐकायचं होतं. आधी सहा लिहिणार होतो. सहाने ती आत बसत होती. म्हणून चार लिहिले."

टीव्ही चालूच होता. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "जाऊ दे आता."

"जाऊ कसं देऊ," तो म्हणाला.

तेव्हा मला खिडकीकडे बघायचं सुचलं. पूनमचा हात साडीवर थांबला होता. ती वळली नाही. तिने हळू आवाजात विचारलं, आणि मला तो आवाज ओळखू आला. रिक्षातला.

"म्हणजे माझा पाय जड नव्हता?"

जिभाऊने मान हलवली. तिला ती दिसली नाही, म्हणून त्याला तोंडाने बोलावं लागलं.

"नव्हता."

तिने हातातला खडा डबीत परत टाकला. मग म्हणाली, "बाबा, मी रस्त्याने खाली बघून चालते. एवढी वर्षं. पाय जड पडतो का ते बघत."